वोत्सेक, १४ मार्च १९३४ : एक नभोवाणी-प्रक्षेपण आणि दोन संगीतकारांचे अभिप्राय

१/ १४ मार्च १९३४. लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एक ऑपेरा सादर झाला. पडदा नव्हता, नेपथ्य नव्हते, वेशभूषा नव्हती. गायक संगीतसभेच्या पोशाखात वाद्यवृंदापुढे उभे होते. या प्रयोगाचा खरा श्रोता सभागृहाबाहेर होता, कारण बीबीसी तो लहरींवरून प्रक्षेपित करीत होती. त्या श्रोत्यांपैकी एक ऑस्ट्रियात बसला होता. तो या ऑपेराचा कर्ता होता : आल्बान बेर्ग.

२/ प्रक्षेपण ऐकून बेर्गने संचालक एड्रियन बोल्ट यांना पत्र लिहिले. त्याच रात्री इंग्लंडमध्ये एका वीस वर्षांच्या तरुण संगीतकारानेही आपल्या रोजनिशीत या प्रक्षेपणाविषयी मत नोंदवले. प्रयोग एकच, लहरीही त्याच. अभिप्राय मात्र एकमेकांपासून फार दूरचे. हे अंतर का पडले, आणि त्या एका रात्रीवर किती काही अवलंबून होते, याचा हा धागा.

३/ प्रथम ऑपेराविषयी. मराठी संगीत नाटकात गद्य संवाद चालतो आणि मधूनमधून पद येते. ऑपेरात बहुधा सगळेच गायले जाते आणि वाद्यवृंद अखंड बोलत राहतो. पात्र जे बोलत नाही, तेही वाद्ये सांगतात. त्यामुळे ऑपेरा नुसता कानांनी ऐकता येतो. मात्र नजरेला मिळणारा आधार काढून घेतला, तर सगळा भार आवाजावर पडतो. नभोवाणीने नेमके तेच केले.

४/ 'वोत्सेक'ची कथा एका खऱ्या खटल्यातून आली. योहान क्रिस्टियान वॉयत्सेक या माजी सैनिकाने १८२१ मध्ये लाइप्झिश येथे आपल्या प्रेयसीचा खून केला. त्याचे चित्त ठिकाणावर होते की नाही, यावर वैद्यकीय वाद रंगला. वैद्यकीय अहवाल त्याच्या विरोधात गेला आणि २७ ऑगस्ट १८२४ रोजी भर चौकात त्याचा शिरच्छेद झाला.

५/ या प्रकरणावर ग्योर्ग ब्यूश्नर या तरुण जर्मन लेखकाने नाटक लिहायला घेतले. १८३७ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी तो वारला आणि नाटक सुट्या प्रवेशांच्या कच्च्या हस्तलिखितात अपुरे राहिले. अनेक दशकांनी कार्ल एमिल फ्रान्त्सोस याने पुसट झालेली शाई उजळवून ते वाचले. वाचताना नावातील अक्षरे चुकली आणि 'वॉयत्सेक'चा 'वोत्सेक' झाला. बेर्गच्या ऑपेराने ही चूक कायमची जपून ठेवली.

६/ बेर्गने हे नाटक मे १९१४ मध्ये व्हिएन्नात पाहिले आणि त्यावर ऑपेरा करायचे ठरवले. काही आठवड्यांत महायुद्ध पेटले. दम्याने त्रस्त असलेला बेर्ग १९१५ मध्ये सैन्यात दाखल झाला. पुढे त्याची नेमणूक युद्ध मंत्रालयात कारकुनी कामावर झाली. वरिष्ठांच्या हुकुमाखाली पिचलेल्या सामान्य शिपायाची अवस्था आता त्याला पुस्तकातून शिकायची उरली नव्हती. वोत्सेकमध्ये आपलाही काही अंश आहे, असे त्याने पत्नीला लिहिले होते.

७/ ऑपेराचा नायक गरीब शिपाई आहे. कप्तान त्याला नीतीचे पाठ देतो. डॉक्टर चार पैसे देऊन त्याच्यावर आहाराचे प्रयोग करतो. मारी ही त्याची सोबतीण. दोघांना एक लहान मूल आहे, पण लग्नाला पैसे नाहीत. मारी बँडप्रमुखाकडे ओढली जाते. वोत्सेक तिचा तळ्याकाठी खून करतो आणि सुरी शोधता शोधता स्वतःही बुडतो. शेवटी उरते ते लाकडी घोड्यावर खेळणारे पोर. आई मेल्याचा अर्थ त्याला अजून कळलेला नाही.

८/ हे संगीत ऐकायला सोपे नव्हते. बेर्ग हा अर्नोल्ड शेनबर्गचा शिष्य. परंपरागत स्वरकेंद्र सोडून दिलेल्या या संगीतात त्याने आतून कडक रचना उभी केली. पहिल्या अंकात पाच स्वभावचित्रे, दुसऱ्या अंकात पाच भागांची सिंफनी, तिसऱ्या अंकात एकेका घटकावर आधारलेल्या रचना : एक सुरावट, एक स्वर, एक लय, एक स्वरसंघात. पण श्रोत्याने या बांधणीकडे लक्ष देऊ नये, त्याने वोत्सेकच्या पलीकडे जाणारा सामाजिक आशय अनुभवावा, असा बेर्गचाच आग्रह होता.

९/ १४ डिसेंबर १९२५ रोजी बर्लिनच्या सरकारी ऑपेरागृहात एरिख क्लायबरने पहिला प्रयोग केला. वाद माजला, पण कृती टिकली. १९२६ मध्ये प्रागला तिसऱ्या प्रयोगात गोंधळ झाला आणि पुढचे प्रयोग बंद पडले. १९२७ मध्ये लेनिनग्राड, १९२९ मध्ये ओल्डेनबुर्गचे लहानसे नाट्यगृह, १९३० मध्ये व्हिएन्ना, १९३१ मध्ये फिलाडेल्फिया. एका दुर्बोध समजल्या गेलेल्या ऑपेराने पाच-सहा वर्षांत युरोप-अमेरिका गाठली आणि बेर्गच्या घरखर्चाची सोयही केली.

१०/ मग १९३३ उजाडले. हिटलर सत्तेवर आला आणि जर्मन रंगभूमीवरून 'वोत्सेक' नाहीसा झाला. बेर्ग ज्यू नव्हता. परंतु शेनबर्गचा शिष्य आणि नव्या संगीताचा प्रतिनिधी एवढी ओळख पुरेशी होती. शेनबर्गने त्याच वर्षी देश सोडून अमेरिका गाठली. जर्मन भाषेत ऑपेरा लिहिणाऱ्याला जर्मनीतली ऑपेरागृहे बंद होणे म्हणजे बाजारच उठून जाणे. बेर्गची आमदानी आटली. १९३४ मध्ये 'वोत्सेक'चे मूळ हस्तलिखित अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला विकले गेले.

११/ ऑस्ट्रियातही वारे फिरले होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉल्फुस सरकार आणि समाजवादी यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला. व्हिएन्नातल्या कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या गेल्या. बेर्गचा मित्र आन्टोन वेबर्न ज्या कामगार संगीतसभांचे संचालन करीत असे, त्यांचीही अखेर झाली. लंडनचा प्रयोग याच्यानंतर जेमतेम महिन्याने झाला. आपल्या देशात आणि शेजारच्या देशात जे संगीत अडचणीचे ठरले होते, ते तिसऱ्याच देशातून लहरींवर येत होते.

१२/ लंडननेच हे का केले? १९३० मध्ये बीबीसीने स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि बोल्ट त्याचे प्रमुख संचालक झाले. कार्यक्रमांच्या आखणीत एडवर्ड क्लार्क होता. तरुणपणी तो बर्लिनमध्ये शेनबर्गकडे शिकला होता; शेनबर्ग, वेबर्न, बेर्ग यांचे संगीत ब्रिटिश श्रोत्यांपुढे आणण्याचा त्याने ध्यास घेतला होता. तिकीटविक्रीवर जगणाऱ्या ऑपेरागृहाला जे धाडस परवडत नव्हते, ते परवाना शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला परवडू शकत होते.

१३/ बीबीसीला ऑपेरा नवा नव्हता. कंपनी स्थापन होऊन काहीच महिने झाले असताना, ८ जानेवारी १९२३ रोजी, कॉव्हेंट गार्डनमधून मोत्सार्टचा 'मॅजिक फ्लूट' प्रक्षेपित झाला होता. पण ते रंगमंचावर चालू असलेल्या प्रयोगाजवळ ध्वनिक्षेपक नेऊन ठेवणे होते. १९३४ मध्ये उलट घडले. नभोवाणी संस्थेने स्वतःच प्रयोग उभा केला. ब्रिटनमध्ये जो ऑपेरा कोणत्याही रंगमंचाने केला नव्हता, त्याचा पहिला संपूर्ण प्रयोग प्रक्षेपणासाठी झाला. वोत्सेकची भूमिका रिशार्ड बिटराउफ यांनी, मारीची मे ब्लाइथ यांनी गायली.

१४/ बोल्ट हे भडक हावभाव टाळणारे, मितभाषी संचालक. शेनबर्ग-पंथाचा शिक्का त्यांच्यावर नव्हता. अनोळखी स्वरलिपी हाती आली की तिचा बारकाईने अभ्यास करायचा आणि लिहिले आहे ते प्रामाणिकपणे वाजवून घ्यायचे, ही त्यांची पद्धत. 'वोत्सेक'सारख्या कृतीला हा स्वभाव मानवणारा होता. बेर्गच्या स्वरलिपीत कोणते वाद्य मुख्य, कोणते दुय्यम, हेही खुणांनी दाखवलेले असते. त्या खुणा पाळल्या नाहीत तर गुंतागुंतीचा केवळ गोंगाट होतो.

१५/ आता तंत्राची बाजू. त्या काळच्या मध्यम लहरी दिवसा फार दूर जात नसत. रात्री वातावरणाच्या वरच्या थरातून त्या परावर्तित होत आणि शेकडो मैलांवर ऐकू येत. म्हणून लंडनचा कार्यक्रम ऑस्ट्रियात ऐकणे शक्य होते. पण त्याची किंमत होती. आवाज मधेच विरायचा, पुन्हा वर यायचा. शेजारच्या केंद्रांची शीळ घुसायची. युरोपातल्या केंद्रांच्या गर्दीला शिस्त लावण्यासाठी झालेला लुसर्न करार लागू होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

१६/ शिवाय सगळा आवाज त्या अरुंद वाटेतून जात नसे. उंच स्वरांची धार बोथट व्हायची. झांजा, पिकोलो, व्हायोलिनची चकाकी मंद पडायची. अतिशय हळू आवाज खरखरीत बुडू नये आणि अतिशय मोठ्या आवाजाने यंत्रणा कोलमडू नये, म्हणून नियंत्रण कक्षातला अभियंता पातळी हाताने वरखाली करीत असे. म्हणजे कुजबुज थोडी मोठी व्हायची आणि गर्जना थोडी लहान.

१७/ याचा 'वोत्सेक'वर काय परिणाम होतो, हे एका जागी नेमके दाखवता येते. तिसऱ्या अंकात खुनाचा संपूर्ण प्रवेश 'बी' या एकाच स्वरावर तोललेला आहे. मारी मरते आणि मग तो एकटा स्वर अगदी हळू सुरू होतो. एकामागून एक वाद्य त्यात शिरते. आवाज फुगत फुगत असह्य होतो. मध्ये ढोलाची एक लय तुटून पडते आणि पुन्हा तोच स्वर सगळा वाद्यवृंद घेऊन उसळतो. यात सुरावट नाही, शब्द नाहीत. आहे तो केवळ आवाजाच्या पातळीतला फरक. आणि नभोवाणी नेमका तोच कमी करीत होती.

१८/ एवढ्या अडथळ्यांतून पोहोचलेला आपला ऑपेरा ऐकून बेर्गने बोल्ट यांना जे पत्र पाठवले, त्याचा सूर मनःपूर्वक कृतज्ञतेचा होता. प्रयोगाने त्याला खरा आनंद दिला होता. हे केवळ शिष्टाचाराचे आभार म्हणून बाजूला सारता येत नाही. बेर्ग आपल्या कृतींच्या प्रयोगांबाबत काटेकोर होता. जिथे शक्य असेल तिथे स्वतः तालमींना जाऊन बसे. लंडनला मात्र तो नव्हता. त्याच्या देखरेखीवाचून, त्याने लिहिलेल्या कागदावर विसंबून एका परक्या वाद्यवृंदाने त्याची कृती उभी केली होती.

१९/ त्याच रात्रीचा दुसरा श्रोता होता बेंजामिन ब्रिटन. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधले शिक्षण नुकतेच आटोपलेला, बेर्गविषयी विलक्षण ओढ असलेला. रोजनिशीत त्याने लिहिले ते असे : प्रक्षेपण म्हणून हे समाधानकारक नव्हते, गायकांचे आवाज फार मोठे येत होते आणि बाकीचे धूसर होत होते. तिसरा अंक आणि दुसऱ्याचे काही तुकडे तेवढे नीट कळले. भावनेच्या तीव्रतेवर वाग्नरच्या 'ट्रिस्टान'ची छाया आहे. तरीही बेर्ग हे एक ठाम व्यक्तिमत्त्व म्हणून समोर येते.

२०/ एकजण आनंदित, दुसरा असमाधानी. खरे कोणाचे? ब्रिटन लंडनच्या लहरींच्या घरच्या टापूत होता. त्याला ऑस्ट्रियातल्या श्रोत्यापेक्षा स्वच्छ ऐकू यायला हवे होते. तरी तक्रार त्याची आहे. कारण तो जे ऐकत होता, ते ध्वनिक्षेपकाने निवडलेले संतुलन होते. गायक पुढे, वाद्यवृंद मागे. यंत्राने जवळचा आवाज उचलला असावा. आणि 'वोत्सेक'मध्ये अर्धी कथा वाद्यवृंद सांगतो. तो धूसर झाला की उरते ते नुसते ओरडणे.

२१/ बेर्गचा कान वेगळ्या स्थितीत होता. ऑपेरातला एकेक स्वर त्याला ठाऊक होता. लहरींवरून विरलेला स्वर त्याची स्मृती भरून काढू शकत होती. बुडालेला ऑबो त्याला न ऐकताही कळत होता. असा श्रोता यंत्राचे दोष मनातून वजा करतो आणि प्रयोगाचे गुण पाहतो : लय बरोबर आहे का, प्रवेशांना प्रवेश नीट जोडले जातात का, गायक सुरात आहेत का. ब्रिटनला अशी वजाबाकी शक्य नव्हती. त्याच्यापुढे जे आले, तोच त्याचा 'वोत्सेक'.

२२/ म्हणून दोन्ही अभिप्राय खरे ठरतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. बेर्ग बोलतो ते बोल्ट यांच्या प्रयोगाविषयी. ब्रिटन बोलतो तो प्रक्षेपणाविषयी. नभोवाणीच्या पहिल्या दशकांत समीक्षक आणि श्रोते या दोहोंची वारंवार गल्लत करीत. गायक वाईट गायला की ध्वनिक्षेपक वाईट ठेवला होता, हे घरबसल्या ठरवणे अवघड असे. पुढे स्टुडिओतले ध्वनिसंतुलन ही स्वतंत्र विद्या झाली, ती अशाच तक्रारींच्या रेट्याने.

२३/ ब्रिटनच्या मतातला एक भाग मात्र यंत्राच्या पलीकडचा आहे. धूसर आवाजातूनही तिसरा अंक त्याला भिडला. हा योगायोग नसावा. हा अंक सर्वांत आटोपशीर आहे आणि त्याचा प्रत्येक प्रवेश एकाच घटकाला धरून चालतो. एक स्वर, एक लय, एक स्वरसंघात : एवढी काटकसर खराब यंत्रातूनही पोहोचते. श्रोत्याला बांधणी कळू नये, असे बेर्ग म्हणत असे. त्या रात्री तीच बांधणी न कळता श्रोत्याला सावरून गेली.

२४/ ब्रिटनला बेर्गकडे शिकायला जायचे होते. कॉलेजकडून अनुकूल मत मिळाले नाही आणि घरच्यांनीही ते मनावर घेतले नाही. १९३४ च्या शेवटी तो व्हिएन्नात जाऊन आला, पण दोघांची गाठ पडली नाही. गुरू-शिष्य होऊ शकणाऱ्या या दोघांमधला दुवा त्यामुळे ऐकण्यापुरताच राहिला, आणि त्या ऐकण्यात मार्चमधल्या त्या खरखरत्या रात्रीचा वाटा होता.

२५/ बेर्गच्या हाती वेळ थोडा होता. 'लुलू' हा त्याचा दुसरा ऑपेरा १९३४ मध्ये आराखड्यात पुरा झाला. ३० नोव्हेंबरला क्लायबरने त्यातील सिंफनिक भाग बर्लिनमध्ये वाजवले आणि काही दिवसांत आपल्या पदाचा राजीनामा दिला. १९३५ मध्ये बेर्गने 'लुलू' बाजूला ठेवून व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला रक्तातील विषबाधेने, पन्नासाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. 'लुलू'च्या तिसऱ्या अंकाचे वाद्यलेखन अपुरे राहिले. तीन अंकी 'लुलू' रंगमंचावर यायला १९७९ उजाडले.

२६/ एप्रिल १९३६ मध्ये बार्सेलोनाच्या आंतरराष्ट्रीय नवसंगीत महोत्सवात तो कॉन्चेर्टो प्रथम वाजला, तेव्हा ब्रिटन सभागृहात होता. १ मे रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या वाद्यवृंदाने तोच कॉन्चेर्टो प्रक्षेपित केला; संचालक होता वेबर्न. त्या प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण टिकले आणि आजही ऐकता येते. मित्राच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांनी त्याची अखेरची पूर्ण कृती वाजवणारा वेबर्न त्यात ऐकू येतो.

२७/ 'वोत्सेक'ने पाडलेली वाट बीबीसीने सोडली नाही. जानेवारी १९३६ मध्ये 'प्रावदा'ने शोस्ताकोविचच्या 'लेडी मॅकबेथ ऑफ म्त्सेन्स्क'वर हल्ला चढवला. सात आठवड्यांनी, १८ मार्चला, क्वीन्स हॉलमध्ये त्याचा संगीतसभेच्या रूपात प्रयोग झाला. १९३७ मध्ये बुसोनीचा 'डॉक्टर फाउस्ट', १९३९ मध्ये हिंडेमिटचा 'मातिस द पेंटर'. मॉस्को किंवा बर्लिन ज्याला दार लावत होते, त्याला लंडनच्या लहरींवर अधूनमधून जागा मिळत होती.

२८/ यात बीबीसीला सरसकट धीरोदात्त ठरवण्याचे कारण नाही. नव्या संगीताविषयी संस्थेच्या आत आणि बाहेर कुरकुर होती, आणि एडवर्ड क्लार्क १९३६ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला. या प्रयोगांमागे थोडी माणसे होती. ती गेली की वाट अरुंद होत असे. संस्था धाडसी असते ती तिच्यातल्या कोणीतरी धाडस अंगावर घेतलेले असते म्हणून.

२९/ ब्रिटनमध्ये 'वोत्सेक' रंगमंचावर आला तो २२ जानेवारी १९५२ रोजी, कॉव्हेंट गार्डनमध्ये. संचालक होता बर्लिनच्या पहिल्या प्रयोगाचा तोच एरिख क्लायबर. मधल्या जवळजवळ अठरा वर्षांत क्वीन्स हॉल १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेला होता आणि बेर्ग व वेबर्न दोघेही राहिले नव्हते. १९३४ मध्ये ज्यांनी घरी बसून हा ऑपेरा ऐकला, त्यांतील अनेकांनी तो डोळ्यांनी पाहिला तो बहुधा या वेळी.

३०/ तोवर ब्रिटनचा स्वतःचा ऑपेरा येऊन गेला होता : 'पीटर ग्राइम्स', ७ जून १९४५. वस्तीने वाळीत टाकलेला एक कोळी. कथेच्या सांध्यांवर बोलणारी वाद्यवृंदाची मध्यंतरे. ऐन मध्यात पासाकालिया, जी 'वोत्सेक'च्या पहिल्या अंकातही आहे. अभ्यासक या दोन ऑपेरांची तुलना नेहमी करतात. गायकांच्या आवाजामागे वाद्यवृंद धूसर झाल्याची ज्याने तक्रार केली होती, त्याच्या ऑपेरातले समुद्राचे चार तुकडे आज स्वतंत्रपणे, एकाही गायकाशिवाय, जगभर वाजवले जातात.

३१/ बेर्गला यांतले काहीच कळणार नव्हते. त्याच्यापुरती त्या रात्रीची गोष्ट साधी होती. ज्या भाषेत त्याने ऑपेरा लिहिला, त्या भाषेच्या सर्वांत मोठ्या देशात तो वाजत नव्हता. आणि एका परक्या शहरातून तो, विरत आणि उमटत, ऑस्ट्रियापर्यंत येत होता. ऐकून झाल्यावर त्याने कागद घेतला आणि ज्याने तो वाजवला, त्याला तसे कळवले.